वाचकांचे प्रश्न : महिन्याला पाचशे रुपये आणि एका बाळाची तब्येत

गेल्या अंकात मेळघाटातील कुपोषणाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे : बेताच्या मिळकतीच्या माणसाने थोडे पैसे किंवा थोडी वस्तू दिली, तर गरिबाघरच्या मुलाच्या आरोग्यात खरोखर काही फरक पडतो का? त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. निवृत्तिवेतनातून महिन्याला पाचशे रुपये मुलांच्या आरोग्यासाठी देण्याची इच्छा आहे. आमचे यजमान म्हणतात, "ही दर्यात खसखस. तुझ्या पाचशे रुपयांनी कोण वाचणार?" त्यांना काय सांगावे?

उत्तर : बाई, आपल्या यजमानांची शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर एका किलो डाळीच्या हकिगतीत आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर नावाची जुनी संस्था आहे. तिच्या कार्यक्षेत्रातील खेड्यांत या शतकाच्या सुरुवातीला लसीकरण पूर्ण झालेली मुले अगदी मोजकी होती. लस सरकारी आणि फुकट होती, पण उपकेंद्राला अनेकदा कुलूप असे आणि कडेवर मूल घेऊन डोंगर उतरून आलेल्या बाईचा दिवसाचा रोजगार बुडून हाती काहीच लागत नसे. असे दोनदा झाले की ती तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर द्युफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेच्या साथीने १३४ गावांत एक प्रयोग केला. काही गावे होती तशीच ठेवली. काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता लसीकरणाचे शिबिर भरू लागले. उरलेल्या गावांत शिबिर तर भरेच, शिवाय दर लशीमागे आईला एक किलो डाळ मिळे आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या मिळत. अखेरच्या पाहणीत, २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या गावांत ६ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के निघाले.

त्या डाळीची किंमत तेव्हा सुमारे ४० रुपये होती. एवढ्या डाळीसाठी कोणी आपल्या मुलाला सुई टोचून घेईल का, असे पुष्कळांना वाटते. माझ्या अनुभवात लशीला ठाम विरोध करणारी आई क्वचित भेटते. बहुतेकींच्या मनात "नेऊ की पुढच्या वेळी" एवढेच असते, कारण आज निंदणी आहे, आज पाणी भरायचे आहे, आणि गोवराचा धोका आज दारात दिसत नाही. डाळ आज दिसते. ती संध्याकाळच्या चुलीवर शिजते. नुसत्या शिबिरांच्या गावांतही पहिल्या लशींना बऱ्याच जणी आल्या होत्या, पण पुढे त्यांची गळती झाली. डाळीने ती गळती थोपवली, आणि बाललसीकरणात शेवटपर्यंत टिकणे हीच खरी अडचण असते.

आता आपल्या यजमानांना आवर्जून दाखवावी अशी गोष्ट. डाळ वाटल्याने खर्च वाढला असेल असे वाटते, पण एका पूर्ण लसीकृत मुलामागचा खर्च डाळीच्या गावांत नुसत्या शिबिरांच्या तुलनेत सुमारे निम्मा आला. पाच मुले आली काय आणि पंधरा आली काय, परिचारिकेचा दिवसाचा पगार आणि तिच्या प्रवासाचा खर्च तोच राहतो. चाळीस रुपयांच्या डाळीने तिचा पूर्ण दिवस कामी लागला. खसखस दर्यात टाकली तर हरवून जाते हे खरे. ती चालत्या कामात पडली तर मात्र हिशेब बदलतो.

तेव्हा आपले पाचशे रुपये अशा ठिकाणी द्यावेत, जिथे कोणीतरी माणूस आधीच त्या मुलांपर्यंत नियमाने जातो आहे आणि एखाद्या लहानशा गोष्टीसाठी त्याचे काम अडते आहे. उदयपुरात शिबिर ठरल्या दिवशी भरलेच नसते, तर नुसत्या डाळीने फारसे काही साधले नसते असे माझे मत आहे. आणि शक्य असल्यास वर्षातून एकदा सहा हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशेच द्यावेत. गावातल्या कार्यकर्तीचे मानधन दर महिन्याला द्यावे लागते. ज्या संस्थेला पुढच्या महिन्याची खात्री असते, ती तिला कामावर टिकवून ठेवू शकते.

प्रश्न : नाशिकमधील आमच्या भिशी मंडळात अठरा जणी आहोत. जुन्या सुती साड्यांच्या लहान गोधड्या शिवून त्या आदिवासी भागातील नवजात बाळांना द्याव्यात असे मनात आहे. याचा आरोग्याला उपयोग आहे, की ही केवळ भावना?

उत्तर : या पत्राने मला मनापासून आनंद झाला, कारण ऊब हे नवजात बाळासाठी औषधच आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर फार पातळ असतो आणि वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार असते, त्यामुळे ते भराभर थंड पडते. काखेतले तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते दूध ओढेनासे होते, दूध पोटात न गेल्याने आणखी गार पडते, आणि अशा मलूल बाळाला जंतुसंसर्ग गाठतो. जन्मल्याबरोबर आंघोळ घालण्याच्या आपल्याकडील चालीने कितीतरी बाळे याच मार्गाने गेली आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत जे काम केले, त्यात यंत्रसामग्री म्हणावी असे फार थोडे होते. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडून तिला प्रशिक्षण दिले. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी, बाळाला गुंडाळायची उबदार झोळीवजा पिशवी, श्वास अडलेल्या बाळासाठी हवा देण्याचे साधे साधन आणि काही औषधे असत. ती घरोघर जाऊन बाळ पाही, तोलून घेई, आईला पाजायला बसवी. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली 'द लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला, तेव्हा एका बाळामागे खर्च सव्वापाच डॉलरच्या आसपास आला होता. पुढे २०११पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत हीच पद्धत देशभर नेली, आणि आज प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी आशाने बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ पाहायचे असते.

आपल्या गोधड्यांची जागा त्या आशाताईच्या पिशवीत आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून त्या तिच्या हातून द्याव्यात, म्हणजे गोधडीबरोबर बाळ कसे गुंडाळावे हेही घरात पोचेल. शिवताना मऊ झालेले धुवट सुती कापडच घ्यावे, उन्हात कडक वाळवावे, टिकल्या, बटणे, झालरी किंवा सुटे धागे ठेवू नयेत. गोधडी हलकी असावी. जाड गोधडी निजलेल्या बाळाच्या तोंडावर आली तर जीव गुदमरतो, म्हणून ती अंगाखाली किंवा अंगाभोवती घ्यायची आहे, अंगावर लादायची नाही, हे देताना सांगावेच लागेल. सोबत कानटोपी जरूर द्यावी. लहान बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातून जाते.

आणि एक विनंती. अठरापैकी निम्म्या जणींनी गोधडीऐवजी आईच्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याचे लांब, रुंद, मऊ पट्टे शिवावेत. उघड्या छातीला उघडे बाळ लावून ठेवण्याची ही रीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एद्गार रेय यांनी बाळांना उबेत ठेवण्याच्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडल्यामुळे सुरू केली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मानंतर लगेच असे छातीशी धरलेल्या एक ते १.८ किलोच्या बाळांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू पाव हिश्शाने घटले. आईचे हात मोकळे ठेवणारा पट्टा असेल, तर तीच बाई बाळाला आठ-दहा तास छातीशी ठेवू शकते.

प्रश्न : मुलाच्या पहिल्या वाढदिवशी पुण्याजवळच्या वस्तीत दुधाच्या भुकटीचे डबे आणि बाटल्या वाटाव्यात असा विचार आहे. कोणती भुकटी चांगली?

उत्तर : कोणतीच वाटू नये. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी भुकटी आणि दूध पाजण्याच्या बाटल्या दान करण्यास १९९२च्या कायद्याने मनाई आहे. अनाथालयाचा तेवढा अपवाद आहे. कायदा कडक आहे, कारण त्यामागे पुष्कळ बाळांचे मरण आहे. डबा आठवड्यात संपतो, तोवर आईचे दूध आटते, मग पुढचा डबा परवडत नाही म्हणून भुकटी पातळ होत जाते, आणि बाटली धुवायला उकळलेले पाणी त्या घरात नसते.

वाढदिवस साजरा करायचाच असेल, तर सहा महिन्यांवरील मुलांसाठी अंगणवाडीताईंना विचारून अंडी, दाण्याचे कूट, गूळ, तेल असे काही द्यावे. अख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात. वरणभातात रोज एक छोटा चमचा तेल वाढवले तरी सुमारे ४५ उष्मांक वाढतात, आणि ज्याचे पोटच मुठीएवढे आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. केक आणि बिस्किटे टाळलीत तर मी आपली ऋणी राहीन.

प्रश्न : मुलांचे आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे. आपण देणग्या देऊन सरकारला मोकळे सोडतो, असे आपणास वाटत नाही का? – एक वाचक, लातूर

उत्तर : जबाबदारी सरकारचीच आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आणि सव्वीस मुले उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. हे प्रमाण कोणत्याही देणगीने हटणार नाही. लशी, जंताची गोळी, जीवनसत्त्व 'अ', जलसंजीवनी (ओआरएस), झिंक हे सारे सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि मिळालेच पाहिजे. ते संपलेले असेल, तर विकत आणून देण्याआधी लेखी तक्रार करावी, ग्रामसभेत विचारावे. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागातील, ग्रामपंचायतींना अबंध निधीही, म्हणजे गाव ठरवेल त्या कामाला वापरता येणारा पैसाही, मिळतो. त्यातला किती मुलांवर खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क गावाला आहे.

तरीही सरकारी योजना आणि मूल यांच्यामध्ये काही वावभर अंतर उरते. ते मी धारणी तालुक्यातील एका पाड्यावर पाहिले. अंगणवाडीताईंनी चौदा महिन्यांच्या एका मुलीचा डावा दंड हातात घेतला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पेनाने ठिपका काढला आणि कागदी पट्टी भोवती फिरवली. पट्टीच्या खिडकीत लाल रंग आला. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड म्हणजे तीव्र कुपोषण. दंडावरची कातडी सैल होती, ताईंनी पट्टी सोडल्यावरही तिची सुरकुती तशीच राहिली. मुलगी रडली नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

पोषण पुनर्वसन केंद्रात जागा होती, उपचार फुकट होते, आईला बुडीत मजुरीही मिळणार होती. आई मात्र उठेना. घरी चार वर्षांचा मुलगा होता आणि दोन शेळ्या होत्या. चौदा दिवस त्यांना कोण पाहणार, आणि मजुरीचे पैसे हाती येईपर्यंत मुलाच्या जेवणाचे काय, हे तिचे दोन प्रश्न होते. दोन्ही रास्त होते. तेथे काम करणाऱ्या एका लहान संस्थेच्या कार्यकर्तीने शेजारणीला त्या मुलासाठी तांदूळ, डाळ आणि तेल आणून दिले आणि जीपचे जाण्यायेण्याचे भाडे भरले. सगळे मिळून हजाराच्या आत खर्च झाला. तेवढ्यावर आई निघाली. चौदा दिवसांनी मुलगी परत आली, तेव्हा तिला भूक लागत होती आणि ती हट्ट करत होती.

ते हजार रुपये सरकारच्या कोणत्या शीर्षाखाली बसतील, मला सांगता येत नाही. कदाचित बसायला हवेत. तोवर ते कोणीतरी द्यावेत, आणि देणाऱ्याने ती अडचण लिहून तालुक्याच्या अधिकाऱ्याकडेही पाठवावी. देणे आणि जाब विचारणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, असे मला वाटते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील काही मराठी कुटुंबे दर डिसेंबरात महाराष्ट्रात येतो. उरलेली प्रतिजैविके, मल्टिव्हिटॅमिन आणि जलसंजीवनीची पाकिटे बॅगांतून आणून खेड्यात द्यावीत का? पैसे पाठवायचे झाल्यास काय पाहावे?

उत्तर : औषधे आणू नयेत. अर्धवट उरलेली, मुदत संपत आलेली, इंग्रजीत निराळेच नाव छापलेली औषधे खेड्यातल्या परिचारिकेच्या कपाटात धोका होऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेल्या औषधांची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक असावी लागते, आणि रुग्णाकडून परत आलेली औषधे दानात देऊच नयेत.

पैशांबाबत : आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी मात्र परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच, तिच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या नेमलेल्या खात्यात द्यावी लागते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि लेखापरीक्षित हिशेब दाखवते का, हे पाहावे. यापेक्षाही मी एक प्रश्न विचारते : गेल्या महिन्यात तुमचा माणूस एका मुलाच्या घरी किती वेळा गेला? ज्यांना हे चटकन सांगता येते, त्यांच्याकडे पैसा बहुधा योग्य जागी लागतो. मुलांची छायाचित्रे मात्र मागू नयेत. आजारी लेकराचा उघडा फोटो ही पावती नव्हे.

जलसंजीवनीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपण तिचा उल्लेख केलात. तिचे पाकीट इथे वीस-पंचवीस रुपयांत मिळते आणि आरोग्य केंद्रात फुकट. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शंभरी तीसच्या घरातून चारच्या खाली आले. पिंपे भरली डॉक्टरांनी, पण पाणी पाजले रुग्णांच्या आयांनी आणि बहिणींनी, पेल्यापेल्याने, रात्रभर.

आजही अतिसाराने मलूल झालेल्या बाळासाठी पाकिटापेक्षा दुर्मीळ असते ती पाजायला शिकवणारी व्यक्ती. बाळाने उलटी केली की घाबरलेली आई पाणी थांबवते. अशा वेळी दहा मिनिटे थांबून पुन्हा, अगदी हळूहळू, चमच्याने पाजावे आणि चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी, हे तिच्या शेजारी बसून कोणी दाखवले तर ते तिच्या हातात बसते. आपल्या बॅगेतल्या पाकिटांच्या विमानभाड्याइतके पैसे अशा एखाद्या बाईच्या दोन-तीन महिन्यांच्या मानधनाला पुरतील. पुढच्या डिसेंबरात मोकळी बॅग घेऊन या, आणि तिच्याबरोबर एक दिवस घरोघर फिरा.